थर उतरताना

डोंबिवलीच्या एका शाळेत मी तेवीस वर्षं पी.टी. शिकवली. शिकवली म्हणजे हुकूम सोडले. सावधान, विश्राम, डावीकडे वळ. माझ्या नवऱ्याचं नावही विश्राम आहे, त्यावरून शाळेतल्या पोरी माझ्या पाठीमागे काय काय बोलत असतील ते मला माहीत होतं आणि मी त्यांना त्याचीही शिक्षा केली असती, पण पुरावा कधी सापडला नाही. थोडक्यात, समोरच्याला काय वाटतं हे विचारायची मला सवय नव्हती. वेळही नव्हता.

अशा बाईने स्वेच्छानिवृत्ती घेऊन पन्नाशीत कोचिंग मानसशास्त्राच्या पदविकेला नाव घातलं, तेव्हा विश्राम चहाचा कप हातात धरून बराच वेळ हसला. "आसावरी, तू? आणि मानसशास्त्र?" मी म्हटलं, हस बाबा. खेळाडूंची शरीरं मी जन्मभर तयार केली, पण ऐन स्पर्धेत त्यांचे हातपाय का गळतात हे मला एकदाही कळलं नव्हतं. आता कळून घ्यायचंच होतं. मी एकदा मनावर घेतलं की सोडत नाही, हा माझा गुण आहे आणि घरच्यांच्या मते दोष.

वर्ग ठाण्यात, दर शनिवारी. खेळाडूंच्या मनाची तयारी कशी करून घ्यायची, आजारपणातून उठलेल्या माणसाला पुन्हा चालतं-फिरतं व्हायला कसं बळ द्यायचं, असं सगळं त्यात होतं. शिकवायला डॉ. दीप्ती. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, आवाज इतका मऊ की मागच्या बाकावर ऐकू यायचा नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं, "आसावरीताई, तुम्ही उत्तर फार लवकर देता. समोरच्याचा प्रश्न अजून पोटातच असतो." मला राग आला. मग वाटलं, बरोबर आहे. मग पुन्हा राग आला.

प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने एक संघ किंवा एक गट निवडायचा होता. कुणी क्रिकेटची अकादमी घेतली, कुणी हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्यांचा चालण्याचा गट. मी कळव्यातलं महिला गोविंदा पथक घेतलं. मला दणकट बायका आवडतात.

पथक आगरी वस्तीतलं. गुरुपौर्णिमेला गावदेवीच्या देवळासमोर नारळ फोडला की तिथल्या मैदानात सराव सुरू, तो थेट गोकुळाष्टमीपर्यंत. मी गेले त्या पहिल्या संध्याकाळी पथकाची कप्तान कल्पिता हिने मला बाजूला घेतलं. सव्वीस वर्षांची, एका कंपनीत नोकरी करणारी, बोलणं एक घाव दोन तुकडे.

"मॅडम, आमचा एकच प्रॉब्लेम आहे. तुळसाकाकी वर बघते."

"म्हणजे?"

"थांबा, दाखवते."

त्यांनी थर लावायला घेतले. खालच्या थराच्या बायकांनी गोल करून एकमेकींच्या खांद्यात हात अडकवले, डोकी आत खाली घातली. त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर चढला, त्यावर तिसरा. चौथा चढत असताना खालच्या गोलातल्या एका रुंद खांद्यांच्या बाईने मान वर केली. मान वर झाली की खांदा सैल होतो. खांदा सैल झाला की त्यावर उभी असलेली हलते. बघता बघता सगळा डोलारा डुलायला लागला, कल्पिताने शिट्टी मारली आणि पोरी पटापट गाद्यांवर उतरल्या.

ती बाई म्हणजे तुळसा. चाळिशी ओलांडलेली. तिच्या आईने मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. तुळसावर ती वेळ आली नाही, जमिनींवर इमारती झाल्या, घर तीन मजल्यांचं झालं, पण खांदे मात्र आईचे आले होते. तिच्यासारखा भार घेणारी दुसरी कुणी पथकात नव्हती. आणि सगळ्यात वरच्या थरावर जाणारी जी होती, सतरा वर्षांची, काटकुळी ऋतिका, ती तुळसाची मुलगी.

गेल्या वर्षी एका गल्लीतल्या छोट्या हंडीला ऋतिका पडली. वर चढताना नाही, सलामी देऊन उतरताना. कमरेला बांधायचा सुरक्षेचा दोर नव्हता. गळ्याजवळचं हाड मोडलं. आई खाली मान घालून उभी होती, तिला फक्त आवाज ऐकू आला.

"मग तुळसाताईंना खालून काढा ना," मी म्हटलं. उत्तर लवकर देण्याची सवय.

"काढलेलं. एक दिवस," कल्पिता म्हणाली. "काकी बोलली, मी खाली नसेन तर माझी पोर वर जाणार नाय. आणि ऋतिका सोडून वर जाणारी आमच्याकडे कोण नाय."

"ऋतिकाला जायचंय का?"

ऋतिका मागेच उभी होती. तिने स्वतःच उत्तर दिलं. "जायचंय. नायतर सगळे मला पडलेली पोरगी म्हणूनच ओळखणार."

म्हणजे प्रश्न सरळ होता. तुळसाची मान अष्टमीपर्यंत खाली राहिली पाहिजे. नाही राहिली, तर पोर पुन्हा पडणार, आणि या वेळी एकटी पडणार नाही. मी कल्पिताला तिथल्या तिथे बजावलं, दोर आणि हेल्मेट नसेल तिथे थर लावायचे नाहीत, एवढा माझा हुकूमच समजा. ते तिने मान्य केलं. बाकीचं माझ्यावर आलं.

मी कंबर कसली. आधी आठवडाभर तुळसाला समजावलं. वर का बघता? वर बघून पोरीला मदत होते का? नाही ना? मग? तुळसा माझ्याकडे शांतपणे बघायची, "होय बाई" म्हणायची आणि सरावात पुन्हा मान वर. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी नुकतीच शिकलेली युक्ती काढली: डोळे मिटून सगळा खेळ मनातल्या मनात खेळायचा. खेळाडू हे करतात आणि त्याचा फायदा होतो. मी त्यासाठी एक ध्वनिमुद्रण केलं, घरात पंखा बंद करून, रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढून. "डोळे मिटा. श्वास संथ होऊ द्या. तुमचे खांदे कातळासारखे भक्कम आहेत. एकेक थर चढतो आहे. सर्वांत वर ऋतिका उभी राहते. ती हात उंचावून सलामी देते. टाळ्यांचा कडकडाट होतो. आता सावकाश डोळे उघडा." पथकाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. पोरींनी बदाम आणि टाळ्या पाठवल्या. एकीने लिहिलं, मॅडम काय भारी आवाज. मी दिवसभर खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी तुळसाची मान तिसऱ्याच थराला वर झाली. आधी निदान चौथ्यापर्यंत थांबायची.

शनिवारी मी दीप्तीमॅडमसमोर जाऊन तणतणले. बाई ऐकत नाही, तिला बदलायचंच नाही, वगैरे.

"तुम्ही तिला काय विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"विचारलं ना. वर का बघता म्हणून."

"मग?"

"नुसतं होय बाई म्हणते."

"का बघता ही झाडाझडती झाली, ताई. शाळेत तुम्ही विचारायचात तशी. तिला काय दिसतं ते विचारा. आणि विचारल्यावर तुम्ही बोलू नका. काहीही झालं तरी."

परतताना ठाण्याच्या फलाटावर उभी राहून मी मनात त्यांना बरीच उत्तरं दिली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, तुम्ही या एकदा मैदानात. पण मला शिकायचं होतं, मिरवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तुळसाच्या घरी गेले.

श्रावण होता. तुळसा गच्चीवर परात घेऊन मोड आलेले वाल सोलत बसली होती. आम्ही कर्णिक लोक बिरड्यासाठी जीव टाकतो, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही. समोर बसले आणि मूठभर वाल पुढ्यात ओढले. चिमटीत दाबला की दाणा सालातून सुटतो. थोडा वेळ दोघी नुसत्या सोलत होतो. मग मी विचारलं.

"तुळसाताई, मी पाठवलेलं ते ऐकता ना? डोळे मिटल्यावर तुम्हाला काय दिसतं?"

ती काही बोलेना. माझ्या जिभेच्या टोकावर पुढची तीन वाक्यं तयार होती. मी वाल सोलत राहिले. एक, दोन, चार. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

"रोज ऐकते," अखेर ती म्हणाली. "भाकरी भाजताना लावते. डोले मिटले का पोर वर जाते. हात करते. लोकं टाल्या वाजवतान. मंग तुमी बोलता, आता डोले उघरा." तिच्या हातातला वाल तसाच राहिला. "बाई, तुमी तिला उतरवतच नाय. रोज माजी पोर वरच रवते. मी दिवसभर काम करते आन ती वरच उबी हाय."

इतकी वर्षं मी दहीहंडी बघते आहे, सलामी झाली की आपण टाळ्या वाजवतो आणि पुढच्या चौकात जातो. माझ्या त्या भारदस्त आवाजातल्या गोष्टीचाही शेवट टाळ्यांवर झाला होता. आणि ही पोर तर उतरताना पडली होती. जिथे आईच्या काळजाचं पाणी झालं, बरोब्बर त्याच्या आधी मी डोळे उघडायला सांगत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तरीही मी बोलले नाही. परात रिकामी होईपर्यंत सोलत बसलो.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. "उतरताना कुणाचा आवाज ऐकायला आवडेल तुम्हाला? माझा?"

"तुमचा नको," ती लगेच म्हणाली. मला हसू आलं. ती पण हसली, आणि जिन्याच्या दिशेने हाक मारली, "ऋतिका, वर ये गो!"

गच्चीवरच ऋतिकाचा आवाज फोनवर भरला. ऋतिकाला मी काही लिहून दिलं नाही. "सलामी दिली. आता हात खाली. आता बसते. डावा पाय सोडला, कंबर धरली. सरकते. आता खालच्या ताईच्या मांडीवर पाय. आता तिच्या खालच्या. कोणीतरी काखेत धरलं. पाय लागले. आई, उतरले मी." एवढंच. तुळसाने ते तिथेच पुन्हा पुन्हा ऐकलं. डोळ्यांना पदर लावत नव्हती, नुसती ऐकत होती, पाठांतर केल्यासारखी.

सरावात ठरलं की ऋतिकाने जमिनीवर आल्याबरोबर आईच्या कानाशी येऊन तेच म्हणायचं. त्या संध्याकाळी आम्ही चारच थर लावले. तुळसाची मान खाली. तिसरा थर, खाली. ऋतिका चढली, सलामी दिली, सरसर उतरली, तरी मान खालीच. मी मैदानाच्या कडेला मुठी आवळून उभी होते. ऋतिका आईच्या कानाशी वाकली, "आई, उतरले." आणि तुळसाने हुश्श करून खांदे सोडले, मान वर केली, पोरीकडे वळली.

वर अजून दोन थर उभे होते.

तुळसाच्या खांद्यावर उभी होती कल्पिता. ती आणि तिच्यावरची पोर दोघी आडव्या झाल्या. गाद्या होत्या, थर थोडे होते, म्हणून निभावलं. कल्पिताचं कोपर सोलवटून निघालं. ती उठली ती थेट तुळसासमोर.

"काकी, तुझी पोर उतरली म्हणजे संपला खेळ? आमच्या आया काय मेल्यात?"

तुळसाने खाली पडलेली हेल्मेटं गोळा करून कोपऱ्यात ठेवली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अष्टमी तोंडावर आलेली. कल्पिता म्हणाली, यंदा चार थरांवर भागवू, ऋतिकाला नको, काकीला नको. ऋतिका देवळाच्या पायरीवर तोंड पाडून बसली. माझ्या डोक्यात तुळसाला ऐकवायचं एक लांबलचक भाषण तयार झालं होतं: जबाबदारी, संघभावना, सगळं. तिच्या घराच्या जिन्यापर्यंत मी जाऊनही आले. पण मला ठाऊक होतं, ते भाषण तिच्यासाठी नव्हतं, माझ्या जिभेच्या खाजेसाठी होतं. जिन्यावरून मागे फिरले. फोनवर एकच ओळ पाठवली: "तुम्हाला काय हवंय ते सांगाल तेव्हा मी आहे."

तिसऱ्या संध्याकाळी तुळसा आली. पदर खोचलेला, हातात फोन. माझ्याकडे न येता सरळ कल्पितासमोर उभी राहिली.

"तुजा आवाज भर याच्यात."

"कसला?"

"तू उतरतेस त्याचा. सगल्यांचा पायजे मना. एकेकीचा." मग माझ्याकडे वळून, "बाई, माज्या डोक्यात एकच पोर उतरते. बाकीच्या कुनी उतरतच नाय. मंग मी खांदा कशी धरून ठेवनार?"

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. यात मी भर घालावी असं काही शिल्लक नव्हतं.

तुळसा मैदानभर फिरली. पोरींना आधी हसू येत होतं. मग एक बोलली, मग दुसरी. एक म्हणाली, काकी मी उतरताना देवीचं नाव घेते ते पण भरू का. एकीने सांगितलं की उतरताना तिला खाली कोण धरेल याची भीती वाटते, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुळसाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी हाय ना खाली." कल्पिता तेवढी बाजूला कोपर चोळत उभी होती. सगळ्यात शेवटी आली, फोन हातात घेतला, बाजूला जाऊन काहीतरी पुटपुटली आणि परत दिला. काय बोलली ते तुळसाने कुणाला ऐकवलं नाही.

त्यानंतर रोज सराव झाला. मी मोठा स्पीकर भाड्याने आणून गाणी ढणढणा लावली, कारण चौकात शांतता मिळणार नव्हती. पहिल्या दिवशी ऋतिका उतरल्यावर तुळसाचे खांदे थरथरले, पण धरले. पुढच्या दिवशी थरथरलेही नाहीत. पाच थर झाले. सहा झाले. मी कुणालाही शाबासकीचं भाषण दिलं नाही, हे दीप्तीमॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, दहीकाल्याला, ठाण्यातल्या चौकात आमचा नंबर दुपारी लागला; सहा थरांची सलामी द्यायची होती, हंडी फोडायची नव्हती. दोर होता, वर धरणारी माणसं होती, मी दोनदा जाऊन खात्री केली. खालच्या गोलाला बाहेरून रेटा द्यायला माणसं लागतात. कल्पिता म्हणाली, "मॅडम, येताय?" मी ओढणी कमरेला बांधली आणि तुळसाच्या मागे उभी राहिले. दोन्ही तळवे तिच्या पाठीवर, मान खाली. म्हणजे आता मलाही वर बघायचं नव्हतं.

तिथे उभं राहिल्यावर मला कळलं तुळसा काय सोसत होती. काही दिसत नाही. बायकांच्या घामेजलेल्या पाठी, पायांची बोटं, आणि चहूबाजूंनी असा आवाज की छातीत वाजतो. प्रत्येक थर चढला की पाठीतून भार उतरत माझ्या हातापर्यंत यायचा. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. सहावा. मग भार वाढायचा थांबला आणि लोकांचा एकच जल्लोष झाला. सलामी झाली असणार. मान वर करायची मला अशी काही ऊर्मी आली की मी दातावर दात आवळून डोळे गच्च मिटले.

मग लोक किंचाळले.

बायकांची किंकाळी, पुरुषांचं "अरे अरे अरे". वर कुणीतरी निसटलं होतं. कोण, किती उंचावरून, काही कळायला मार्ग नव्हता. तुळसाची पाठ माझ्या तळव्याखाली दगडासारखी घट्ट झाली. ती वर बघणार असं मला वाटलं, आणि मी तिला दोष दिला नसता. तिने बघितलं नाही. तिने शेजारणीच्या खांद्यातला हात आणखी आत खुपसला आणि ओरडली, "धरा गो! सोरू नका!" (नंतर कळलं, चौथ्या थरावरच्या पोरीचा पाय घसरला होता, दोघींनी तिला दंडाला धरून लोंबकळतं ठेवलं आणि तिने पुन्हा पाय रोवला.)

किती वेळ गेला देव जाणे. कुणीतरी घसरत आमच्या घोळक्यात आलं. हेल्मेट घातलेलं एक डोकं तुळसाच्या कानाशी वाकलं.

"आई! आई, उतरले मी!"

ऋतिकाच होती. धडधाकट. माझेच हात ढिले पडले, खरं सांगते. तुळसाचे नाही. मान खाली ठेवूनच ती म्हणाली, "कललं. तू हो बाजूला. अजून पोरी वर हायेत."

मग एकेक उतरत गेली. प्रत्येक जण खाली येताना तिच्या पाठीला हात लावून जात होती आणि ती प्रत्येकीला "हां" म्हणत होती. सगळ्यात शेवटी तिच्या खांद्यावरचा भार निघाला, कल्पिता खाली उतरली आणि तिच्या कानाशी आली.

"काकी, मी शेवटची. वर कोण नाय आता."

तेव्हा कुठे तुळसाने हात सोडवले आणि मान वर केली. बराच वेळ वर बघत राहिली. वर दोराला हंडी लटकत होती, आमच्यानंतरच्या पथकासाठी, आणि बाकी मोकळं आभाळ होतं.

"कवरी उंच बांधलीय मेल्यांनी!" ती म्हणाली, आणि रस्त्यातच खाली बसून पोरीला आणि कल्पिताला दोन्ही हातांनी कवटाळून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले आणि काहीही न बोलता रडले.